अज्ञात प्रकाशक

शिरोड्याच्या खाजनाचा हिशेब ठेवणाऱ्या आमच्या खोलीत
दोन खुर्च्या, एक कपाट, आणि आता हा नवा संगणक.
जुना गेला मागच्या भाद्रपदात.
वीजबिल म्हणून आलेली फाईल मीच उघडली होती,
आणि कुळांची सगळी यादी
कुणीतरी परदेशात गहाण टाकली.
तेव्हापासून माउसवर बोट ठेवतो
ते तवा तापलाय का बघावं तसं.

आज सोयरूचा प्रोग्राम उतरवून घेतला.
भरती-ओहोटीच्या वेळा, मानशीच्या फळ्या कधी बदलायच्या,
बांधाची वर्गणी कुणाची राहिली, सगळं एकात.
दोनदा क्लिक केलं.
पडदाभर निळी पाटी:
तुमच्या संगणकाचं रक्षण करण्यात आलं आहे.
प्रकाशक: अज्ञात.

खुशाली माझ्या मागे उभा, पोटऱ्यांपर्यंत चिखल.
चाळीस वर्षं मानस सांभाळतो. अक्षर येत नाही.
"कितें म्हणटा?"
म्हटलं, विचारतोय, हे कुणी केलं.
"म्हज्या पुतान," तो संगणकाला म्हणाला,
जरा मोठ्यानं, बहिऱ्याला सांगावं तसं.

मस्कतला फोन लावला.
सोयरू म्हणाला, सही विकत मिळते रे,
दर वर्षी भरायची, डॉलरमध्ये.
बाबाच्या मानशीचा लिलाव त्याहून स्वस्तात जातो.
मग म्हणाला, पण माझं म्हणून तसंच उघडू नकोस हं.
आधी ताडून बघ.
आणि त्यानं एक लांबलचक आकडा वाचायला घेतला,
चौसष्ट खुणांचा, मध्येच ए, मध्येच एफ,
त्याच्या मागे कुठेतरी क्रेन चालल्याचा आवाज,
आणि मी पडद्यावर बोट सरकवत
गाऱ्हाण्याला व्हय म्हाराजा म्हणावं
तसा दर चारांनंतर "व्हय".
एकदा चुकलो. बी की डी? पुन्हा पहिल्यापासून.
चहा निवला.

जुळलं.
उजवं बटण, गुणधर्म, अगदी तळाशी बारीक ओळ:
ही फाईल दुसऱ्या संगणकावरून आली आहे.
आलीच आहे.
शेजारच्या चौकोनात खूण केली.
एवढासा चौकोन.

उघडला. आजची ओहोटी: चार वाजून बारा.
खुशालीला वाचून दाखवलं.
तो खिडकीतून खाडीकडे बघून म्हणाला,
"साडेचार. वयर सांग्यांत पावस पडला."
आणि तसाच उभा राहिला.

मानशीच्या दाराला कुलूप नसतं.
आतलं पाणी बाहेर निघालं की उघडतं,
खारं पाणी आत येऊ लागलं की
त्याच्याच रेट्यानं मिटतं.

"आतां तरी ताचें नांव दिसता मरे?"
नव्हतं दिसत. प्रकाशकापुढे अजून अज्ञातच.
तिथं लिहायची सोय नाही.
मग पांढरी चिकटपट्टी कापली,
मार्करनं लिहिलं: सोयरू खुशाली गावडे,
आणि पडद्याच्या खालच्या कडेला लावली.

इथल्या दमट हवेत ती आठवड्यात एकदा सुटते.
येता-जाता खुशाली
अंगठ्यानं दाबून जातो.