सिनावचा गुरुवार

गुरुवारी पहाटे सिनावच्या बाजारात
मी चाऱ्याच्या गासड्या मोजतो,
पार्सालोई उतरवतो.
कानाच्या लोंबत्या पाळीत
माझी हिशेबाची पेन्सिल अडकवून हसतो.

काजियाडोत तीन वर्षं कोरडी, मग एका रात्रीत पूर.
एकशेचाळीस गाई होत्या. अकरा.
गेलेल्यांची नावं सांगतो.
मी वहीत लिहायला गेलो, तर म्हणाला, नको.

त्यांच्यात म्हणतात,
देवानं गाई आभाळातून सोडल्या
चामड्याच्या वादीवरून, एकेक.
उंटाचं तसं काही नाही.
उंट पगारातून उतरतो:
सतरा महिने, एक सांडणी.

तिचा फोटो दाखवला मोबाईलवर.
आई चार हात लांब, दुधाचा भोपळा छातीशी;
बापानं तोंड फिरवलेलं.

म्हणून हा दुपारी म्हाताऱ्या हमूदकडे जातो,
मांडीवर भांडं तोलून
सांडणीची धार काढायला शिकतो.
एका पायावर उभं राहणं तेवढं
शिकवावं लागलं नाही.

रात्री तेच फोनवर आईला,
शब्द कमी पडले की हातवारे, अंधारात.

काल तिनं विचारलं,
हिला हाक काय मारायची?
तो माझ्याकडे बघत राहिला.
गासड्या अजून बावीस होत्या.