कमीत कमी आकार

कुरुंदवाडच्या त्या घराचं वीजबिल
वर्षाचे अकरा महिने एकसारखं यायचं:
कमीत कमी आकार.
मे महिन्यात तेवढा आकडा हलायचा.
अण्णा जूनमध्ये पाकीट फोडून म्हणायचे,
बघा, पोरं आल्याचं मीटरलाही कळतं.

सूतगिरणीतल्या हिशेबनिसानं
नदीकाठी सुट्टीचं घर घ्यावं
ह्याला सगळी शाहूपुरी हसली.
कोकणात घ्या की, समुद्र तरी दिसेल.
अण्णांना समुद्र नको होता.
त्याला पलीकडचा काठ नसतो, म्हणायचे,
पोहून जायचं तर जायचं कुठं?

पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून
आम्ही तिघं पलीकडं गेलो.
आधी सन्मतीदादा, मग पद्मजाक्का,
आणि दोन उन्हाळ्यांनंतर, रडत, मी.
पलीकडं काही नव्हतं.
वांग्यांचं रान, खुंट्याला एक म्हैस,
आणि वळून पाहिलं की आपलंच घर,
अंगठ्याएवढं.

आता ते विकायचंय.
दादानं जाहिरात दिली:
नदीकाठी, हवेशीर, वर माडी, गाडी दारात लागते.
जयसिंगपूरचा तंबाखूवाला आला,
बूट न काढता आत शिरला,
किल्लीच्या टोकानं भिंत खरवडत म्हणाला,
पाणी कुठवर आलतं ओ, एकोणीसला?
उंबऱ्यापर्यंत, दादा म्हणाला.
रंग कालचाच होता.
वास अजून जात नव्हता.

मी जिना चढून वर गेले.
वळणापलीकडं रंगारी पोचला नव्हता.
तिथं पेन्सिलीनं, शाळकरी अक्षरात:

सकाळी चौथी पायरी.
दुपारी सहावी.
रात्री बॅटरी संपली, दिसत नाही.
मंगळवार नववी. शेरडं ओरडतात.
बुधवार नववीच.
गुरुवार आठवी!!

त्या ऑगस्टात कल्लाप्पाचा फोन आला होता.
आवाज तुटत होता.
कुलूप फोडलंय ताई, माफी करा,
आम्ही अकरा माणसं हाय माडीवर, आन् दोन शेरडं.
मी म्हटलं, असू दे, असू दे.
आणि त्याच फोनवर विचारलं
की गाद्या भिजल्या का.

सहा दिवस.
आम्ही त्या घरात सलग किती राहिलो असू?
एखाद्या मे महिन्यात वीस, एखाद्या बारा,
अण्णा गेल्यावर एकही नाही.
घरी जाऊन मी जुनी बिलं उपसली.
त्या ऑगस्टचं सापडलं.
गावात वीजच नव्हती.
अकरा माणसं, दोन शेरडं,
मीटरला काहीच कळलं नव्हतं.
कमीत कमी आकार.

पण हे नंतरचं.
त्या दिवशी मी खाली उतरले, पायऱ्या मोजत,
आणि तंबाखूवाल्याला म्हटलं,
नववीपर्यंत येतं. वर येत नाही.
दादा माझ्याकडं बघत राहिला,
डब्याची दोरी मधेच सुटल्यावर बघायचा तसा.
तंबाखूवाल्यानं बोटांवर काहीतरी धरलं, सोडलं.
सौदा मोडला नाही.
चार लाखांनी उतरला.

ती भिंत रंगवू नका, मी म्हटलं.
बघू की, तो म्हणाला.

निघताना कल्लाप्पाची बायको
ओट्यात वांगी घेऊन गाडीपाशी आली.
काचेतून एकेक आत देत राहिली,
काटे तिच्या बाजूला धरून.
आक्का कशी हाय, पोरं काय करत्यात,
सगळं विचारून झालं.
मग हात काचेवरच ठेवून म्हणाली,
नवा मालक कुलूप कसलं लावतोय म्हणं?
लई दांडगं न्हवं नव्हं?