पांढरा

मारेगावच्या दुकानात भिंतीवर अकरा टीव्ही,
अकरांतही एकच पोपट, एकच समुद्र.
प्रज्वल ठेंगरे काळ्याबद्दल सांगत होता:
"ओएलईडीचा काळा म्हणजे काळाच, काका.
साध्या एलईडीत मागून उजेड झिरपते."

बाबांचं लक्ष नव्हतं.
एकवीस वर्षं जिनिंगात
चिमटीत रुई धरून त्यांनी दर्जा ठरवला.
मागच्या महिन्यात उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला,
डाव्याचा दिवाळीनंतर.

"पोपट राहू दे. पांढरं दाखव."

पोरानं शोधून शोधून बर्फ लावला.

बाबांनी डावा डोळा झाकला, मग उजवा,
पडद्यापुढे बोटं चोळत, जणू तंतू निघेल.
"हा निळा मारते, नीळ जास्त झाल्यावानी.
ह्यात कवडी हाये.
ह्याले वजनासाठी पाणी मारलं."
सत्तर हजारवाल्यापुढे जरा थांबले:
"हा बरा. पण इतका साफ माल
गाडीत कधी आला नाही बा."

मी किमतीची चिठ्ठी पाहत होते,
आणि मनात आमची पश्चिमेची खिडकी,
जी दुपारी कोणताच काळा काळा राहू देत नाही.

बत्तीस इंची साधा घेतला.

टेम्पोत बाबा खोक्यावर हात ठेवून.
नाल्याच्या उताराशी म्हणाले,
"दुसरा डोळा झाला का पुन्हा येऊ पाहाले.
आत्ता कोणता खोटं बोलते, समजत नाही."

घरी खोकं त्यांनीच फोडलं.
थर्माकोलचे कण बाह्यांना, भुवयांना चिकटले,
जिनिंगातून परत येत तसे.
मी दारातच झटकले.