शिरोरेषा

न, मि, ता.
तिन्ही अक्षरं दोन्हीकडे सारखीच,
फरक फक्त डोक्यावरच्या रेघेचा.

शाळेत हंसाबेन लाल पेनानं ती खोडायच्या:
‘माथे लीटी न होय, बेटा.’
घरी, रावपुऱ्याच्या दोन खोल्यांत,
बाबा प्रतापनगरच्या वर्कशॉपमधून आले की
हात धुऊन, ग्रीसचा वास तसाच ठेवून,
पाटीवर ती ओढायचे. पट्टी लावून.
‘छप्पर घातल्याशिवाय अक्षर घरचं होत नाही.’
मी सहा वर्षांची. दिवसा छप्पर काढायचं,
रात्री घालायचं.
शाबासकी दोन्हीकडे मिळायची.

रेघ सरळ यायची माझी.
एवढ्यावरून शिक्षण ठरलं.
सुधन्वाला बेळगावला इंजिनिअरिंग, डोनेशन भरून,
कारण त्याला पुढे घर चालवायचं होतं.
मला आय.टी.आय., ड्राफ्ट्समन;
मुलींसाठी सर्टिफिकेटवर वेगळा शब्द नव्हता.
‘लग्न होईपर्यंत हात रिकामा नको,’ आई म्हणाली
आणि स्थळांना पाठवायच्या कागदावर
‘नोकरी’पुढे तिनं लिहिलं: तात्पुरती.

तात्पुरती म्हणजे एकतीस वर्षं.
मकरपुरा जी.आय.डी.सी., वॉल्व्हचा कारखाना,
ट्रेसिंग पेपर, शाईचं पेन.
चूक झाली की ब्लेडनं शाई खरवडायची
कागद फाटू न देता.
हे मात्र मला कुणी शिकवावं लागलं नाही.

प्रत्येक ड्रॉइंगच्या खालच्या कोपऱ्यात तीन चौकोन:
काढलं कुणी, तपासलं कुणी, मंजूर कुणी केलं.
पहिल्यात मी.
बाकीच्या दोनांत साहेब बदलत गेले,
त्यांतले दोघे तर रेघ मारायला माझ्याकडेच शिकले.
नीरव अजून दिवाळीला पेढे पाठवतो.

रविवारी बघायला यायचे.
एकानं विचारलं, पगार घरी देतेस का, किती देतेस.
एका बाईंनी अक्षर बघायला मागितलं.
मी लिहिलं: नमिता शरद गुप्ते.
‘वळणदार आहे हो,’ त्या म्हणाल्या,
आणि आठवड्यानं नकार कळवला.
नमिता म्हणजे वाकलेली.
हे मला चाळिशीत कळलं,
शब्दकोशात दुसरंच काही शोधताना.

सुधन्वा मस्कतला घर चालवतो. त्याचं.
रावपुऱ्याचं कोण चालवत होतं
यावर कधी बोलणं झालं नाही.
तशी पद्धत नाही आमच्यात.

आज बाबांबरोबरचं जुनं खातं बंद करायला
दांडिया बाजारच्या बँकेत आले.
खिडकीतल्या मुलानं कार्ड आणि फॉर्म
शेजारी शेजारी धरले.
‘आंटी, सही मॅच नथी थती.’
एक्क्याण्णव सालचं कार्ड, कडा पिवळ्या.
त्यावर नमिता, आणि वर रेघ,
इकडून तिकडे, ताठ.
फॉर्मवर आजची नमिता. उघडीच.

कधी गळली, सांगता येईना.
बाबा गेले तेव्हा?
ऑफिसात कॉम्प्युटर आले
आणि रेघेला हात लागेनासा झाला, तेव्हा?
की नुसतीच घाई, डबा, सव्वाआठची बस,
आणि एके दिवशी वेळ नव्हता
एवढंच?

‘जूनी जेवी करी आपो ने,’ तो म्हणाला. मागे रांग होती.
पेन दोरीला बांधलेलं. मी उचललं,
‘न’च्या डोक्याशी टेकवलं.
हाताला येत होतं अजून, ते कळलं.
मग ठेवलं खाली.
म्हटलं, नवीन कार्ड दे. आता अशीच करते मी.
तो थोडा गोंधळला. म्हणाला,
त्याला वरून मंजुरी लागेल.

बसले आहे बाकावर.
साहेब जेवायला गेलेत.