छत्रीवाला

"थांबीव," अप्पा म्हणतात, "मागं घे जरा."
मी मागे घेते.
नायक पुन्हा दारात, पुन्हा छत्री मिटवतो,
पुन्हा तिला सांगतो की तो गाव सोडून चाललाय.
अप्पांचं बोट पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात,
नूडल्सच्या दुकानात, काउंटरच्या पलीकडे,
जिथे टेबलासारखं एक मशीन
काचेवर कुणाचा तरी चहा ठेवून घेतंय.
"आपलं दोन नंबरचं. लाल मुठीचं. बघ की गं."

वहीत लिहितात: एकेचाळिसावं मिनिट, काच शाबूत.
सिनेमाचं नाव आम्हा दोघांनाही वाचता येत नाही.
वहीत तो 'छत्रीवाला'.

शहापुरात, मागांच्या खटखटीला लागून
दहा बाय बाराचा गाळा होता.
हंगिरगेकर व्हिडिओ गेम्स.
पाटी दोनदा रंगवली. एकदा लिपी बदलायची म्हणून,
एकदा रात्रीत कुणी डांबर फासलं म्हणून.
मशीन तिसऱ्याच भाषेत लुकलुकायचं,
पैसे टाका, पैसे टाका,
ते मात्र सगळ्यांना कळायचं.
बंदच्या दिवशी अर्धं शटर, आवाज शून्यावर.
मराठी शाळेतली, कन्नड शाळेतली पोरं
एकमेकांच्या मानेवर श्वास सोडत
आभाळातून उतरणारे तेच ते किडे मारायची.
मुलीच्या जातीला आत मज्जाव. मी रात्रीची,
गल्ला उपडा करून हिशेबाला:
चार आणे एकीकडे,
उद्यमबागच्या कारखान्यांतले वायसर एकीकडे.
वायसर जास्त निघाले की अप्पा खूश,
"चला, पोरं कामाला लागली म्हणायची."

मग घराघरांत टीव्हीला लावायचे डबे आले.
मशीन भंगारात गेलं, किलोवर.
बंद केलं तरी त्याच्या काचेत आकडा दिसायचा,
जळून बसलेला, सिद्रायचा,
नऊ हजार आठशे चाळीस.
भंगारवाल्यानं तो वजनात धरला नाही.

"आता चालू कर."
नायिका रडते आहे. तिच्या खांद्यामागे
शाळेच्या टोपीतलं एक पोरगं
इकडे बघतं, तिकडे बघतं,
खिशातलं काहीतरी फटीत सोडतं
आणि गुडघ्यानं मशीनला हळूच ढोसतं.
अप्पा चष्मा काढतात. पुसतात. परत घालतात.
"वायसर," म्हणतात. "आयला, तिकडंबी वायसर!"

छत्रीवाला स्टेशनाकडे निघून जातो.
आम्ही त्याला जाऊ देतो.