सेवापुस्तक

मंगळवार बाजारात, स्टोव्हच्या पिना आणि तुटक्या चष्म्यांच्या शेजारी
एक जाड वही मिळाली. चाळीस रुपये.
विकणारा गज्जम म्हणाला, "मिलच्या रंगखात्यातली. जर्मनची आहे."
घरी बायको म्हणाली, "जर्मनची? मला वाटलं पातेलं आणलंत."

कॉलेजात दोन वर्षं जर्मन घेतलं होतं, भूशास्त्राला लागतं म्हणून.
ते लागलं आत्ता, निवृत्तीनंतर.

फर्डिनांड लोथार ऐशेनबाख. हुद्दा: राजाचा खाणसल्लागार.
सोलापूर त्याने नकाशावरही पाहिलं नसेल.
वही इथवर कशी आली कोण जाणे,
रंगाच्या पिंपांबरोबर एखादा नातू आला असेल.

एकोणिसाव्या वर्षी शिडीने उतरायचा,
दीडशे वाव, कमरेला चरबीचा दिवा.
लिहितो: खडकाला कान लावला की तो खोटं बोलत नाही.
मग परीक्षा, मग सहायक; आठवड्यातून तीनदा उतरतो.
खाणमास्तर झाल्यावर महिन्यातून एकदा.
मग सल्लागार, कचेरी दुसऱ्या मजल्यावर,
खिडकीतून फक्त चर्चचं टोक.
अक्षर मात्र सुधारत गेलेलं.

मला हसू आलं.
आमच्याकडेही असंच, म्हटलं.

अडुसष्ट सालचं पान:
"जुन्या खाणीकडची भिंत ओली. खणणं थांबवावं काय?"
खाली वेगळ्या शाईत:
"थांबवण्याचं कारण दिसत नाही." सही. सुंदर सही.
पुढच्या पानावर बारा नावं, वयांसकट.
सर्वांत लहान तेरा वर्षांचा.
त्यापुढच्या पानावर लाल गरुड पदक, चौथा वर्ग,
आणि पगारवाढ.

वही मिटून गच्चीवर गेलो. सिद्धेश्वर तलावाकडून
वाऱ्याचं काही नव्हतं त्या रात्री.

मीही एक वही भरली आहे, चौतीस वर्षं.
शून्य ते अकरा फूट, मुरूम.
अकरा ते बहात्तर, काळा कठीण.
बहात्तर ते ऐंशी गेरूचा लाल थर, इथे पाणी असावं.
ऐंशी ते दोनशे काळा. कोरडा. नुसती भुकटी.
दुष्काळातला मे महिना, विडी घरकुलाच्या मागे.
साहेब जीपमधून न उतरता म्हणाले,
"एकतीसला टार्गेट आहे. दोन इंच लिहा."
मी दोन इंच लिहिलं.
हातपंप बसवला, हिरवा रंग दिला, वर नंबर टाकला.

कोणी मेलं नाही.
हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय.
चिलवेरींची नागमणी, पानांची टोपली बाजूला ठेवून,
दांडा हाणायची. चाळीस. पन्नास. लोखंडावर लोखंड.
तिला वाटायचं, आपलाच जोर कमी पडतोय.
"साहेब, किती हाणलं म्हणजे येतं?"
"येईल," मी म्हणालो, "नवा आहे, जरा सवय होऊ दे."
दांड्याला की तिला, ते तिने विचारलं नाही.

ऐशेनबाखची शेवटची नोंद निवृत्तीनंतरची आहे.
काठी टेकत जुन्या विवराच्या तोंडाशी गेला,
खडा टाकला, मोजत राहिला.
आकडा लिहिलेला नाही. लिहिलंय फक्त:
"हल्ली ऐकू कमी येतं."

काल कुंभारीच्या बसने गेलो.
पंपाचा दांडा कुणीतरी भंगारात घातलाय,
उरलेल्या खांबाला दोरी, दोरीवर चादर वाळत.
गुडघे करकरले, तरी वाकलो,
पाइपला कान लावला.
खडक खोटं बोलत नाही म्हणे.
आत बराच वेळ काही नव्हतं, मग माझाच श्वास.

चादरीआडून एक पोरगी.
"आजोबा, पानी हाय का?"

नाही, म्हणालो. या भोकात कधीच नव्हतं.

"ठाऊक हाय की," ती म्हणाली,
"सरका, चादर मळतीय."