पिक ग्लास

बुधवारी तिसऱ्या तासाला हत्तुरे बाईंनी
रुमालाच्या गाठीतून कपाटाची किल्ली सोडवली
आणि आम्ही बावन्न जणी गप्प झालो.
शाळेत सूक्ष्मदर्शी एकच.
त्याच्यावर टॉवेल, आमच्याच पेठेतला,
काठावर नाव उलटं विणलेलं, म्हणजे सेकंडचा माल.

"एक हात भुजेला, एक हात बुडाला.
पडला तर शाळा विकावी लागेल, गज्जम."

नेत्रिका. नलिका.
पुस्तकात फिरती नासिका, आमच्यात नाकाड,
त्याला तीन भिंगं, त्यातल्या लांबुडक्याला
हात लावायचा नाही.
मंचाला दोन चिमटे, मधे भोक,
भोकाखाली आरसा, गड्ड्यावर मिळतो तेवढा.
"आरसा उन्हाकडं नाही, उजेडाकडं."
सोलापुरात एप्रिलमध्ये
हे दोन वेगळे करायचे म्हणजे
टेबल उचलून उत्तरेच्या खिडकीशी न्यावं लागतं.
नेलं.

पहिल्यांदा दिसली ती माझीच पापणी.
काळं, वाकडं, गवतासारखं काहीतरी.
मी म्हटलं, बाई, हलतंय.
मग कांद्याचा पापुद्रा, आयोडीनचा थेंब,
वर पातळ काच, आणि मी काढलेली आकृती:
एक गोल, काठ जाड काळा. खाली नाव, पेशी.
बाईंनी लाल पेनानं लिहिलं, हा हवेचा बुडबुडा.
तरी दहापैकी चार दिले,
कारण बुडबुडा हुबेहूब होता.

"खाली जाताना बाहेरून बघायचं.
वर येताना आतून."
मी उलटं केलं. आतून बघत मोठा स्क्रू फिरवला,
कट्,
एवढाच आवाज.
बाई काही बोलल्या नाहीत. दुसरी काच दिली.
त्यांचं न बोलणं मला अजून ऐकू येतं.

घरी नानांकडे पिक ग्लास होती.
पितळी, घडीची, एका इंचाची चौकट, वर एकच भिंग.
कापडावर ठेवायचे, एक डोळा मिटायचे,
सुईच्या टोकानं धागे मोजायचे, ओकटी, रेंडू, मूडू.
इंचात दोन कमी भरले की शेठ मजुरी कापायचा.
मी सांगितलं, आमच्या शाळेत दोन भिंगांचं आहे.
एकानं मोठं केलेलं दुसरं आणखी मोठं करतं.
दहा गुणिले दहा.
नाना म्हणाले, "मग मजुरी किती कापत असतील!"

शनिवारी रात्रपाळी करून तसेच आले.
भुवयांवर कापूस. चपला दाराबाहेर काढल्या,
बाई नको नको म्हणत असताना.
खिशातून सुताचं टोक निघालं, वीतभरही नाही.
मी ते पाण्याच्या थेंबात ठेवलं, सुईनं उकललं,
काच तिरकी टेकवून हळूच सोडली, बुडबुडा येऊ नये म्हणून.
बाहेरून बघत खाली. आतून बघत वर.
धुकं, धुकं, मग छोटा स्क्रू, केसभर,
आणि एकदम काठ.

नाना वाकले. सवयीनं एक डोळा मिटला.
"दोन्ही उघडे ठेवा," बाई म्हणाल्या.
जमेना. तीस वर्षांचा डोळा, मिटायचा तो मिटणारच.
"ओकटी," ते पुटपुटले. "रेंडू. मूडू."
एका धाग्याच्या आत चपट्या फितींची गर्दी,
प्रत्येक फीत स्वतःभोवती पीळ घेतलेली.
त्यांनी पट्टी डावीकडे सरकवली, चित्र उजवीकडे पळालं.
"मागला पळवतोय की हा!"
पुन्हा ओकटी. पुन्हा रेंडू.
वीसच्या पुढे कुठेतरी आकडे थांबले
आणि ते नुसते बघत राहिले,
मजुरी न कापता.

मग कोपर लागलं असेल.
"लाइट गेली?" त्यांनी मान वर न करता विचारलं.
"नाही हो," बाई म्हणाल्या, "आरसा हलला."
मी हात घातला आणि खिडकी शोधू लागले.